आचार्य आणि आजी

साधन अशुद्ध असेल तर साध्यही नासते, हे आचार्य शं. द. जावडेकरांचे म्हणणे वाचताना चटकन पटते. ‘आधुनिक भारत’ (१९३८) लिहिणारे हे इस्लामपूरचे आचार्य. समाजवाद हवाच, पण तो सत्याग्रहाच्या वाटेने, हा त्यांचा जन्मभराचा आग्रह. मला मात्र हा प्रश्न पुस्तकाआधी आजीपाशी भेटला. ती वाळवे तालुक्यातली. म्हणजे आचार्यांच्या अंगणातलीच म्हणा ना!

तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. तो भाग साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि पाठोपाठ इस्लामपूरला कचेरीवर निघालेल्या मोर्चांवर गोळीबार झाला. माणसे मेली. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. गावोगावी न्यायदान मंडळे बसू लागली. जमिनीचा तंटा, सावकाराची मिठी, टाकलेली बायको, साऱ्यांचा निवाडा गावातच, वकिलाविना. आणि दरोडेखोराला, पोलिसांच्या खबऱ्याला शिक्षा म्हणजे तळपायांवर काठीचे फटके. लोक त्याला ‘पत्री मारणे’ म्हणत.

आजी हे हसत हसत सांगे. आम्ही पोरेही फराळाच्या ताटाभोवती हसत असू. पुढे जावडेकर वाचले आणि ते हसू घशात अडकले. त्या निवाड्यावर अपील कुठे करायचे? खबऱ्या म्हणून धरलेला माणूस खबऱ्या नसलाच तर? पण लगेच दुसरे मन म्हणे, शहाण्या, सरकारी कोर्टात तरी तुझ्या आजीसारखीचे कोण ऐकत होते? निःशस्त्र गेलेल्यांना गोळ्या मिळाल्या, त्यांना साधनशुद्धी कोणत्या तोंडाने सांगायची? न्यायदान मंडळे मला आजही थोर वाटतात. काठी नाही वाटत. दोन्ही एकाच हाताची होती, ही माझी अडचण.

एकदा आजीला विचारलेच, “ज्याला मारलं, त्याच्या घरी कोण होतं गं?”

ती जात्याच्या खुंट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बायको होती की. दुसऱ्या दिवशी इस्तू मागाया आली. दिला मी. पर वर बघितलं न्हाई तिच्याकडं.”

ती गोष्ट तिने पुन्हा हसत सांगितली नाही.