पणाला लावलेली भाकरी

स्वतःचे नुकसान सोसून इतरांच्या न्यायासाठी उभे राहणाऱ्या मनुष्याचा गौरव सर्व काळी होत आला आहे, आणि तो तसा व्हावा हेही उचितच आहे. परंतु ज्याच्या मिळकतीवर घरातील चार तोंडे अवलंबून आहेत असा साधा कामकरी जेव्हा उभा राहतो, तेव्हा तो नेमके कोणाचे नुकसान सोसत असतो, या प्रश्नाकडे आपल्या नीतिविचाराने फारसे लक्ष पुरविलेले नाही. संपात उतरावे की कामावर रुजू व्हावे, हा पेच वरवर पाहता कामगार आणि मालक यांच्यामधला दिसतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा कामगार आणि त्याचे बिऱ्हाड यांच्यामध्ये पडलेला असतो.

पुढील संवाद मुंबईच्या लालबागेतील एक वृद्ध साचेवाले (म्हणजे गिरणीत मागावर काम करणारे) आणि त्यांचा पुतण्या यांच्यामधला आहे. काकांनी १९८२ चा गिरणीसंप पाहिला, नव्हे भोगला. पुतण्या दुचाकीवरून घरोघरी तयार जेवण पोचविण्याचे काम करतो. दोघांच्या बोलीला माझ्या हातून ग्रांथिक वळण लागले आहे. युक्तिवाद मात्र ज्याचा त्याचाच आहे.

पुतण्या : काका, येत्या सोमवारपासून काम बंद ठेवायचे असे आमच्या झोनमधल्या मुलांचे ठरले आहे. ऑर्डरीमागचा दर घटला, पेट्रोल माझ्याच खिशातून जाते, इन्सेंटिव्हचा आकडा गाठता गाठता मध्यरात्र होते. तेव्हा मागणी रास्त आहे याविषयी मला यत्किंचितही संदेह नाही. संदेह आहे तो निराळाच. सामील झालो तर गाडीचा हप्ता आणि मुलीची फी थकेल; न झालो तर ज्यांनी माझ्या अपघाताच्या वेळी वर्गणी काढून इस्पितळाचे बिल भरले, त्यांच्याशीच मी बेइमानी केली असे होईल. तुम्ही शेवटपर्यंत बाहेर राहिलात, म्हणून तुम्हांला विचारतो.

काका : शेवटपर्यंत राहिलो हे खरे, पण तेवढ्याने मला सल्ला देण्याचा अधिकार प्राप्त झाला असे मी समजत नाही. तुझे काम नव्या काळाचे आहे असे सगळे म्हणतात. मला मात्र ते फार ओळखीचे वाटते. गिरणीत बदली कामगार असे. त्याच्याजवळ पास असे, पण कायम माणसाचा हक्क नसे; पाळीच्या वेळी त्याने दारापाशी उभे राहावे, कोणी कायम माणूस गैरहजर असला तर त्याचा साचा याला मिळावा, आणि सगळे हजर असले तर याने तसेच घरी परतावे, त्या दिवसाची मजुरी नाही. बदली कामगारांना कायम करा, ही आमच्या मागण्यांपैकी एक होती. तू फोन हातात धरून हॉटेलच्या दाराशी तिष्ठत उभा असतोस, तेव्हा मला तो पासवाला दिसतो.

पुतण्या : एक भेद आहे, काका. त्या पासवाल्याला मुकादम तरी दिसत होता; तो मुकादमाला शिवी देऊ शकत होता, विनवू शकत होता, आणि प्रसंगी चार माणसे जमवून त्याला जाबही विचारू शकत होता. माझा आयडी एखाद्या दिवशी बंद होतो, आणि तो कोणी बंद केला, कोणत्या कारणास्तव केला, अर्ज कोणाकडे करायचा, यांपैकी काहीच मला कळत नाही. कागदोपत्री तर मी कामगारसुद्धा नाही. मी ‘पार्टनर’ आहे. तोट्यात भागीदार, असे फार तर म्हणता येईल.

काका : मान्य. पण मालक दिसला म्हणजे त्याच्याशी बोलता येते, हाही तुझा गैरसमज आहे. आमचे मालक दिसत होते, त्यांच्या मोटारी दिसत होत्या, आणि तरीही आमच्या पुढाऱ्याशी बोलणी करण्यास कोणी तयार नव्हते. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला होता. तो हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि आम्ही मन वाहिले होते डॉक्टर दत्ता सामंतांना. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, साठेक गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि एवढ्या माणसांचे ज्याच्यावर एकमत होते, तो कायद्याच्या दृष्टीने या मामल्यात कोणीच नव्हता.

(येथे मला माझे मत नोंदवावेसे वाटते. त्या संपाचे मूल्यमापन करणारे बहुतेक लोक पुढाऱ्याच्या हट्टाविषयी किंवा कामगारांच्या भाबडेपणाविषयी लिहितात. परंतु ज्या कायद्याने लाखो माणसांचा आवाज दफ्तराबाहेर उभा ठेवला, त्या कायद्याने तडजोडीची दारे आधीच लावून घेतली होती. आणि दारे लावली गेली की बाहेरच्या माणसाने किती काळ तग धरावा, एवढाच प्रश्न उरतो. तो प्रश्न मग त्या माणसाच्या चारित्र्याचा म्हणून त्याच्याच गळ्यात बांधला जातो. हा मला मोठा अन्याय वाटतो.)

पुतण्या : मग तग धरण्याला अर्थ काय राहिला? परिणाम तर सर्वांनाच ठाऊक आहे. तेरा गिरण्यांचा कारभार १९८३ त केंद्र सरकारने ताब्यात घेतला, बाकीच्यांपैकी कित्येक रडतखडत चालल्या, कित्येक पुन्हा उघडल्याच नाहीत. ज्या आवारांत साचे होते, तिथल्या इमारतींत मी आता जेवणाचे डबे घेऊन लिफ्टने वर जातो.

काका : मालकाला थांबणे परवडत होते, बाळा. यंत्रे जुनाट झाली होती, त्यांत नवा पैसा घालण्याची इच्छा बहुतेकांना नव्हती. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते. आणि पायाखालची जमीन दिवसेंदिवस महाग होत होती. पुढे १९९१ च्या नियमाने जमिनीची तिहेरी वाटणी ठरली, एक वाटा मोकळ्या मैदानांसाठी, एक घरबांधणीसाठी, एक मालकाला. आणि २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली. जमीन थांबू शकते. मनुष्याचे पोट थांबू शकत नाही. आमच्या संपाचे सगळे गणित या एका विषमतेत होते, आणि ते आम्हांला अगदीच कळत नव्हते असेही नाही.

पुतण्या : तुम्हांला कळत होते, तरी तुम्ही राहिलात?

काका : कृत्याची किंमत फळावरून करू नये, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांना जमविले, अर्जांवर सह्या घेतल्या, म्हणून १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्या सह्या करणाऱ्यांना तरी ती मिळेल याची खात्री कोणी दिली होती?

पुतण्या : माझा रविवार सगळ्यांत जास्त धावपळीचा असतो, काका, तेव्हा ती सुटी माझ्यापर्यंत पोचली नाही. पण ते असो. फळावरून किंमत करू नये, हे वचन ज्याने निर्णय घेतला त्याने उच्चारावे हे ठीक आहे. ज्याने निर्णय घेतला नाही, पण ज्याच्या ताटातून त्याची भरपाई झाली, त्याला तुम्ही हे सांगू शकाल का? ताईला सांगू शकाल?

(या प्रश्नानंतर काका बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या कन्येचे शिक्षण नववीत थांबले, आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून तिने घरखर्चाला हातभार लावला, हे पुतण्यास अर्थातच ठाऊक होते.)

काका : नाही सांगू शकत. तू बरोबर जागी बोट ठेवलेस. आता मी तुला जे सांगतो ते नीट ऐक. तुझी काकू खानावळ चालवीत असे. खोलीत दोन्ही वेळा पंधरा-वीस गिरणी कामगार जेवायला येत, गावाकडून एकटे आलेले, महिन्याच्या पगाराला हिशेब चुकता करणारे. अशा शेकडो बाया गिरणगावात होत्या, सावकाराच्या व्याजाने पिचलेल्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. संप सुरू झाला, दोन महिने जेवणारे उधारीवर जेवले, आणि मग एकेक जण गावी निघून गेला. म्हणजे पाहा, माझा पगार थांबला तो एकदा. पण तिचा तो दोनदा थांबला, एकदा माझा म्हणून आणि एकदा तिचा स्वतःचा. शिवाय वाण्याची बाकी तिच्या नावावर राहिली. संप करायचा की नाही यासाठी मैदानात हात वर करायचे होते, तेव्हा मी माझा हात वर केला. खानावळवालीला कोणी विचारले नाही. मीही नाही.

पुतण्या : काकू नको म्हणाली असती?

काका : तेच तर मला आजवर कळलेले नाही. ती कदाचित माझ्याहून खंबीर निघाली असती. आमच्या शेजारच्या साच्यावरचा जोडीदार वर्षभराने कामावर परतला. चाळीने त्याच्याशी बोलणे सोडले, पण त्याच्या घरी आजारी मूल होते आणि ते औषधावाचून राहू नये असे दोघा नवराबायकोंनी मिळून ठरविले होते. त्या काळी मी त्याला फितूर म्हटले. आज मला वाटते की, त्या निर्णयात निदान ज्यांची भाकरी पणाला लागली होती ते सगळे हजर होते. माझा निर्णय अधिक उदात्त असेल. पण मी जे पणाला लावले, त्यातले अर्धे माझे नव्हते.

पुतण्या : तुमचे म्हणणे समजले, आणि तरी ते मला पुरते पटत नाही. मी आज घरी जाऊन बायकोला विचारले, “संपात जाऊ का?”, तर मी काय केले? पेच माझा होता, तो उचलून मी तिच्या माथी ठेवला. जा म्हणाली आणि चूल थंड पडली तर दोष तिचा. नको म्हणाली आणि मित्रांत माझे तोंड काळे झाले तरी दोष तिचाच. न विचारण्यात अन्याय आहे हे खरे, पण अशा रीतीने विचारण्यात भ्याडपणा नाही काय?

(पुतण्याचा हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. घरातील निर्णयांत स्त्रीला सहभागी करून घ्यावे असे म्हणणे सोपे आहे. परंतु सहभागाच्या नावाखाली, जे ओझे पुरुषाला नको झाले आहे तेवढेच नेमके तिच्या स्वाधीन करण्याची युक्तीही आपल्याकडे जुनीच आहे.)

काका : खरे आहे. मग परवानगी मागू नको. ते तू आणि तुझे सोबती मिळून ठरवा, आणि त्याचा दोष तुझ्या शिरी घे. पण ठरविण्याच्या आधी एक गोष्ट करा. आमचा संप बेमुदत होता. सुरू करण्याची तारीख आम्हांला ठाऊक होती, संपविण्याची नव्हती, आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. जो जितका दुबळा तितका तो आधी मोडला, आणि मोडणारा प्रत्येक जण एकटाच मोडला, रात्री लपतछपत कामावर गेला. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. प्रत्येकाच्या घरी किती दिवस निभेल ते आधी लिहून घ्या, आणि ज्याच्या घरी सर्वांत कमी दिवस निभेल, तेवढ्याच दिवसांचा बंद पाळा. मग फितूर होण्याची पाळी कोणावर येणार नाही.

पुतण्या : एकट्या मिळवत्यांच्या घरी दोन दिवसांपलीकडे निभायचे नाही. दोन दिवसांच्या बंदने कंपनीला काय होणार? दुसऱ्या झोनमधली मुले आणून ती वेळ निभावून नेईल.

काका : एखादे वेळी तसेच होईल. मग दोन महिन्यांनी पुन्हा दोन दिवस पाळा, आणि तोवर फंड जमवा म्हणजे दोनाचे चार होतील. आणि कायदा तुम्हांला कामगार मानत नाही म्हणून अडू नका. हमालांचे मालकही पुष्कळ होते, आज या गाळ्यात, उद्या त्या गोदीत, आणि त्यांनाही सगळे सांगत होते की, ज्याला एक मालक नाही त्याला कायदा कसा लागू होणार. तरी १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे स्थापन झाली, हमालाची आणि व्यापाऱ्याची दोघांचीही नोंद झाली, मजुरीवर लेव्ही बसली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी उभा राहिला. हमालांचे पुढारी अण्णासाहेब पाटील यांना ते एका फटक्यात मिळाले नव्हते. तुमची नोंद आज कोणत्याच वहीत नसेल, तर पहिली वही तुमची तुम्हीच घाला. कोणाच्या घरी किती दिवस, ही त्यातली पहिली नोंद.

पुतण्या : त्या वहीत बाकीच्यांचे आकडे मी उद्या घेऊन येईन. माझ्या घरचा आकडा मात्र मला सांगता येणार नाही. डब्यात किती आहे, वाण्याकडे किती थकले आहे, फीचा तगादा कधीपर्यंत लांबविता येईल, हे सगळे तिलाच ठाऊक. तो तिला विचारावा लागेल.