सोडलेला मासा

पाण्यात उभं राहून मासे कसे धरायचे हे मला कळतं तेव्हापासून ठाऊक आहे. पाण्यावर उभं राहूनही ते धरतात, हे मात्र अडुसष्टाव्या वर्षी पाहिलं. थोरल्याकडे कॅनडाला गेलो होतो. टोरांटोच्या उत्तरेला तास-सव्वा तासावर सिमको नावाचं सरोवर आहे, सातशेवर चौरस किलोमीटर पसरलेलं. हिवाळ्यात ते वरून गोठतं आणि लोक त्यावर खोपटी घेऊन मासे धरायला बसतात. लेकाने माझ्या नावाचा एका दिवसाचा परवाना काढला. मासे धरायला परवाना! आमच्या वडलांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मग माशाकडं पन हाय का बघ."

बर्फ दीड फूट जाड होता. तरी पहिली शंभर पावलं मी पेरणी केलेल्या वावरातून चालावं तसा चाललो. लेकाने गिरमिटाने वीतभर रुंदीचं भोक पाडलं आणि भजी तळायच्या झाऱ्यासारखा झारा घालून वरचा चुरा काढला. खाली काळंशार पाणी. वर उणे अठरा, पण तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास असतं. जड पाणी खाली बसतं आणि बर्फ तरंगतो, म्हणून मासे जगतात. हे मी शाळेत पोरांना तीस वर्षं शिकवलं. खरं वाटलं ते त्या दिवशी.

हातभर लांबीची काठी, तिला दोरा, दोऱ्याला चकाकणारं पत्र्याचं आमिष. वर-खाली झटके देत बसायचं. दोन तास काही नाही. मग काठी वाकली. आधी भोकातून बुडबुडे आले, कारण ट्राउट वर येताना पोटातली हवा सोडतो. मग डोकं आलं. करडा-हिरवा, अंगभर फिकट ठिपके, चांगला तीन-साडेतीन किलोचा. माझी काय छाती फुगली म्हणता!

लेक गुडघ्यावर बसला आणि माशाचे पर बघायला लागला. "हा सोडायचा, बाबा. सगळे पर शाबूत आहेत."

मग त्याने समजावलं. शेतातलं खत आणि गावांचं सांडपाणी सरोवरात जाऊन शेवाळ माजलं. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू कमी पडायला लागला आणि ट्राउटची पिल्लं जगेनाशी झाली. म्हणून गेली कित्येक दशकं सरकार पैदास केंद्रातली पिल्लं आणून सोडतं. ओळख म्हणून त्यांचा एखादा पर छाटलेला असतो, गुरांच्या कानाला खूण करतात तसा. अलीकडे थोडी पिल्लं सरोवरातही जन्मून जगतात. कायद्याने ठरावीक ट्राउट नेता येतात, पण लेकाचा नेम असा की छाटलेला घरी न्यायचा, शाबूत असेल तो परत पाण्यात.

मला आमचं वाळणकोंड आठवलं. महाडजवळ, वरदायिनीचं ठिकाण. तिथल्या डोहातले मासे देवीचे. लोक त्यांना हाताने खाऊ घालतात, धरत कुणी नाही. म्हणजे आमच्याकडे माणसाच्या हातचं खाल्लेला मासा वाचतो आणि इथे माणसाने वाढवलेलाच कढईत जातो. कोंबडीचा न्याय. दोन्हींत काही चूक आहे असं मला वाटलं नाही.

चूक वाटली ती पुढे. लेकाने माशाची लांबी मोजली. मग माझ्या हातात देऊन फोटो. हातमोज्यामुळे फोन चालेना, म्हणून मोजा काढला. मग "बाबा, थोडं इकडे". उणे अठरात ओल्या माशाचं काय होतं ते मी जवळून बघत होतो. कल्ले आधी उघडमीट करत होते, मग कडेने पांढरे व्हायला लागले. डोळ्यावर साय धरावी तसं काही तरी आलं.

"अरे, ठेवायचा तर डोक्यात घाल, सोडायचा तर आत्ता सोड," मी ओरडलोच. शेजारच्या खोपटातून एकाने डोकं बाहेर काढलं.

सोडला. थोडा वेळ भोकात आडवा राहिला, मग एका कुशीवर कलत खाली गेला. जगला की तळाला जाऊन मेला, कुणास ठाऊक. लेक म्हणाला, "जगतात, बाबा." मला त्याचा राग आला होता. दयेचं पुण्य याला आणि गळाचं भोक त्याला! आम्ही पोटासाठी धरायचो, खेळ नाही केला कधी, असं त्याला सुनावायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कारण टोपली आठवली.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यातून शेतात चढायचे, अंडी घालायला. वलगण. गावातले सगळे बाप्ये बत्ती, पाग, कोयते घेऊन रात्रीचे बाहेर. पोटं गाबोळीने टम्म फुगलेले मासे खाचरातल्या वीतभर पाण्यात खळबळ करत असायचे, त्यांना पळायला जागाच नसायची. त्याला मासेमारी म्हणायचं ते रीत म्हणून, नाही तर ती वेचणीच. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या रात्री इतके मासे मिळाले की आईने तळले, आमटी केली, आळीभर वाटले, आणि तरी एक टोपली उरली. पावसाची झड लागलेली, वाळवायला ऊन नाही. तिसऱ्या दिवशी वास सुटला. वडलांनी मला टोपली उकिरड्यावर ओतायला सांगितली. मी ओतली. पिवळी गाबोळी शेणावर सांडली आणि वर पाऊस पडत राहिला. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पुरं म्हनाया कुनीतरी होवं व्हतं."

ते शब्द रात्री खाचरात असताना मला सुचायला हवे होते, असं काही मी म्हणणार नाही. सुचले असते तरी थांबलो नसतो. काळोखात, बत्तीच्या उजेडात, पायाला मासे लागत असताना जो कैफ चढतो त्यात पोटाचा संबंध फार थोडा असतो. मग मी खेळ कधी केला नाही हे कुठल्या तोंडाने सांगू? थोरल्याच्या खेळात निदान एक मासा पाण्यात परत गेला, थोडा गोठून का होईना.

आता आमच्या ओढ्याला वलगण नावालाच येते. त्याला बंधारे, विजेच्या तारा टाकणारे, विषारी पूड कालवणारे अशी कारणं आम्ही पारावर बसून मोजतो. टोपलीचं नाव त्या यादीत मी अजून घातलेलं नाही.

दुपारी आणखी एक लागला, लहानसा. पाठीवरचा मागचा मऊ पर छाटलेला. तो मी स्वतः, एका फटक्यात मारला. फोटो नको म्हटलं. सुनेने गुलाबी मांसाचे तुकडे आगळ लावून तळले. मी डोकंसुद्धा चोखून संपवलं, काटे ताटाच्या कडेला मांडले.

"वलगणीला इतके मासे मिळायचे, तर उरलेल्यांचं काय करायचात?" लेकाने विचारलं.

"वाटायचो," मी म्हटलं. बहुतेक वर्षी ते खरंही होतं.