वाट कोणी द्यायची

मागच्या हिवाळ्यात मुलाकडे नागपूरला गेलो तेव्हा खांद्यावर नव्या तांदळाचा कट्टा होता. भंडाऱ्याकडचा बाप लेकाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. एसटीतून उतरून एका मोठ्या चौकात उभा राहिलो. सिग्नलवर हिरवा माणूस उमटला, मी पाऊल टाकलं आणि दुभाजकापर्यंत पोचतो न पोचतो तोच तो विझला. गाड्या सुटल्या. एका पोट्ट्याने मोटारीची काच खाली केली. "ओ काकाजी, मरायचं हाय का?"

प्रश्न तसा अध्यात्माचा होता. उत्तर मी दिलं नाही. पण तेव्हापासून दुसराच प्रश्न डोक्यात बसला आहे : समोरासमोर आलेल्या दोघांत वाट कोणी कोणाला द्यायची?

मी चिखल्याचा, तुमसर तालुक्यातला. गोबरवाहीजवळच्या आमच्या मॅंगनीजच्या खाणीत, मॉइल कंपनीत, माझी ३१ वर्षं जमिनीखाली गेली. तिथे दोराने खनिजाचे टब ओढले जातात त्या वाटेच्या भिंतीत जागोजागी माणूस मावेल एवढा कोनाडा कोरलेला असतो. मॅनहोल म्हणतो आम्ही त्याला. टबांची रांग आली की पायी माणसाने त्यात शिरायचं. तो कोनाडा मोकळाच ठेवायचा, त्यात हत्यारं, लाकडं काही टाकायचं नाही. वर-खाली करणाऱ्या केजमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात, दगडाच्या जागी माणसं चढली की घंटेचा इशारा बदलतो आणि यंत्रावरचा माणूस हात आवरता घेतो. जिथे सूर्य पोचत नाही तिथे चालणाऱ्याची एवढी दखल. नागपूरच्या त्या दुभाजकावर कोनाड्याएवढी जागा होती खरी, पण तिच्यात शोभेच्या कुंड्या होत्या.

निवृत्तीनंतर पोथ्या वाचायला वेळ मिळाला. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नव्हता. महाभारताच्या आदिपर्वात कल्माषपाद राजा शिकारीहून येतो आणि अरुंद वाटेवर वसिष्ठांचा मुलगा शक्ती त्याच्यासमोर येतो. दोघेही सरकत नाहीत. राजा म्हणतो तू हो बाजूला, ऋषी म्हणतो धर्माने वाट माझी. राजा चाबूक चालवतो, ऋषी शाप देतो, राजा नरभक्षक होतो आणि पहिल्यांदा त्या शक्तीलाच खातो. दोघेही आपापल्या मोठेपणावर अडले होते. वनपर्वात अष्टावक्र जनकाच्या यज्ञाला निघालेला असतो. त्याची आणि जनकाची वाटेवर अशीच गाठ पडते, अष्टावक्र आंधळ्या-बहिऱ्यापासून सुरुवात करून वाटेचे मानकरी मोजतो आणि जनक मुकाट्याने बाजूला होतो. म्हणून तर तो जनक.

मनुस्मृतीतही यादी आहे, आणि ती वाचून मी आधी चिडलो. यादीत पहिला मान चाकावर बसलेल्याला! मग नव्वदीपलीकडचा म्हातारा, आजारी, ओझंवाला, बाई, शिवाय स्नातक, राजा आणि नवरदेव. म्हटलं, काचेतला पोट्टा शास्त्राला धरूनच ओरडला की काय?

पण पांदणीत धानाच्या भाऱ्यांनी भरलेली बंडी समोरून येते तेव्हा आपण काय करतो? धुऱ्यावर चढतो. ती मागे घेता येत नाही, वळवता येत नाही, बैल अडले तर उलटेल. म्हातारा, आजारी, डोक्यावर भारा असलेला, पोटुशी बाई, सगळ्यांचं तसंच. राजा, स्नातक आणि नवरदेव मानापायी यादीत शिरले, ते सोडून देऊ. मानाच्या हिशेबाने रस्ते वाटले की काय होतं ते आपण भोगलंच आहे. १९२४ साली केरळात वैकमला देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून नुसतं चालता यावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. मान वजा केला की यादीत उरतं ते एकच : ज्याला बाजूला होणं जड, वाट त्याची.

हे माप चौकात लावून बघा. मोटारवाल्याला थांबायला पायाचा पंजा दाबावा लागतो. मला कट्ट्यासकट मागे फिरावं लागतं. मनूच्या काळची बंडी आज कोणती म्हणाल, तर दारापर्यंत भरलेली एसटी आणि शहर बस. पन्नास जणांचं ओझं घेऊन ती एकेका माणसाच्या मोटारीमागे ताटकळते. पुण्यात २००६ साली बससाठी वेगळी मार्गिका काढली, तेव्हा केवढी ओरड झाली! ते काम धड झालं नाही हे खरं. पण ओरडणाऱ्यांची तक्रार 'आमची जागा गेली' ही होती, आणि ती जागा त्यांची कोणी केली हे कोणी विचारलं नाही. सायकलवाल्याचं तर नावच नको. आमच्याकडच्या पोरी खनिजाच्या ट्रकांच्या कडेने सायकलवर शाळेत जातात. ट्रक आला की डांबर सोडून गिट्टीत उतरतात. उतरायचं त्यांनीच.

जैन साधू चालताना चार हात पुढची जमीन बघत चालतात, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. ज्याच्या पायात बळ, काळजीही त्याचीच. आपल्या रस्त्यांवर ती मुंगीवर टाकली आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पंढरपूरच्या पालखी महामार्गांची पायाभरणी झाली, त्यांत वारकऱ्यांसाठी कडेने वेगळी पायवाट धरलेली आहे. ऐकून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. पुण्यासाठी चालणाऱ्याला जागा निघते, पोटासाठी चालणाऱ्याला निघत नाही. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या पोट्ट्याच्या प्रश्नाला हे उत्तर होऊ शकतं : नाही बाप्पा, जगायचं आहे.

मुलगा म्हणतो, बाबा, पुढच्या वेळी ऑटो करा. करीन. पण हिरव्या माणसाचे सेकंद ठरवणाऱ्या साहेबांना माझी एक विनंती आहे. खांद्यावर पंचवीस किलोंचा कट्टा घेऊन त्यांनी तो चौक एकदा ओलांडून बघावा. तांदूळ मी देईन.