काल्पनिक संघाचा हंगाम: नियम, फासे आणि निर्माता

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सप्टेंबरअखेर संपत येतो. प्रत्येक संघाच्या वाट्याला १६२ सामने असतात. या शेवटच्या टप्प्यात कुठल्याही संघाचा आढावा घेताना पाच गोष्टी सांगाव्या लागतात: सामने किती जिंकले, किती हरले, आघाडीच्या संघापेक्षा तो किती मागे आहे, किती सामने उरले आहेत आणि अजून आशा आहे की नाही. आशेचाही हिशेब ठरलेला असतो. आघाडीच्या संघाचे विजय आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे पराभव १६३ मधून वजा केले की ‘मॅजिक नंबर’ मिळतो. आघाडीवरच्या संघाचे ९० विजय आणि दुसऱ्याचे ७० पराभव झाले असतील, तर हा आकडा ३ येतो. पहिल्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव मिळून आणखी तीन झाले की दुसऱ्याला पहिल्या क्रमांकाची आशा उरत नाही.

असा आढावा मुळात नसलेल्या संघाचाही लिहिता येतो, आणि तो लिहिला गेलेला आहे. ‘ऑन द रोड’ या कादंबरीचा लेखक जॅक केरुअॅक (१९२२–१९६९) याने मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी शाळकरी वयात स्वतःची बेसबॉल लीग रचली होती. पिट्सबर्ग प्लिमथ्स, न्यूयॉर्क शेव्हीज, बोस्टन ग्रेज, सिनसिनाटी ब्लॅक्स अशा मोटारींच्या किंवा रंगांच्या नावांचे संघ त्यात होते. खेळाडूही त्याच्याच कल्पनेतले. त्यांचे आकडे, कामगिरीची चिकित्सा, इतकेच काय, मानधनावरून झालेले तंटेसुद्धा तो घरच्या घरी तयार केलेल्या वार्तापत्रांतून छापील बातमीच्या थाटात लिहीत असे. मोठेपणीही त्याने हा खेळ सोडला नाही. ही कागदपत्रे आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात आहेत. त्यांच्यामुळे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उभा राहतो. जो संघ नाही, त्याच्याविषयीचे विधान खरे किंवा खोटे कशामुळे ठरते?

यावरचे सर्वांत कडक उत्तर असे, की अशी सगळीच विधाने असत्य किंवा निरर्थक असतात. बर्ट्रांड रसेल याने १९०५ साली मांडलेल्या विश्लेषणानुसार एखाद्या वर्णनाला साजेशी वस्तूच जगात नसेल, तर तिला गुण चिकटवणारे विधान असत्य ठरते. मग प्लिमथ्स दोन सामने मागे आहेत हे असत्य, आणि ते दोन सामने पुढे आहेत हेही असत्य. भारतीय परंपरेत हाच वाद सशाच्या शिंगावरून रंगला. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात बौद्धांचा प्रतिवाद करताना अशी भूमिका घेतली, की जे प्रमाणाने सिद्धच होत नाही ते अनुमानाचा पक्ष होऊ शकत नाही. सशाला शिंग नाही, या म्हणण्याचा अर्थ लावता येतो, कारण ससा आहे, शिंगही इतरत्र आहे आणि एकावर दुसऱ्याचा अभाव आहे. पण सशाचे शिंग तीक्ष्ण की बोथट, या प्रश्नाला उत्तरच नाही.

या भूमिकेत शिस्त आहे, पण काल्पनिक लीगच्या बाबतीत ती एका जागी अडते. वहीतल्या नोंदींनुसार एखाद्या संघाचे विजय ४० भरत असताना त्याच्या आढाव्यात ४१ लिहिले गेले, तर ती चूक आहे हे कोणीही सांगेल. सगळीच विधाने सारखी असत्य मानली, तर या चुकीला चूक म्हणायला आधार उरत नाही. सशाच्या शिंगाच्या लांबीबद्दल कोणाची बेरीज चुकत नाही. काल्पनिक संघाच्या गुणतक्त्यात मात्र ती चुकू शकते. त्यामुळे या दोन गोष्टी एकाच माळेत ओवता येत नाहीत.

दुसरे उत्तर सत्याला कथेची चौकट घालते. डेव्हिड लुईस याने १९७८ सालच्या ‘ट्रूथ इन फिक्शन’ या निबंधात असे मांडले, की कथेतले सत्य म्हणजे ती कथा जिथे खरी हकिकत म्हणून सांगितली जाते अशा शक्य जगांपैकी आपल्या जगाला जवळच्या असलेल्या जगांतले सत्य. बेसबॉलमधला सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक संघ या कसोटीला लावून पाहता येतो. अर्नेस्ट थेयर याची ‘केसी अॅट द बॅट’ ही कविता ३ जून १८८८ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झॅमिनर’मध्ये छापून आली. तिच्यातला मडव्हिलचा संघ शेवटच्या डावात ४–२ असा मागे आहे. दोन खेळाडू बाद झाले आहेत, दोन बेसवर आहेत आणि गावाचा लाडका केसी बॅट घेऊन उभा आहे. केसी पहिले दोन चेंडू तोऱ्यात सोडून देतो आणि तिसऱ्यावर जीव खाऊन बॅट फिरवतो. ती हवेत फिरते आणि सामना संपतो. कवितेत न सांगितलेल्या काही गोष्टीही इथे खऱ्या मानाव्या लागतात. उदाहरणार्थ, तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद होतो, हे वाचक आपल्या जगातून तिथे नेतो.

परंतु त्या पराभवानंतर मडव्हिल गुणतक्त्यात कितवा होता, प्रतिस्पर्धी संघ कोणता होता, हंगामाचे किती सामने उरले होते, यांना उत्तर नाही. माहिती हरवली आहे असे नव्हे, ती कधी नव्हतीच. खऱ्या संघाची नोंद जळून गेली तरी तो कधी काळी कुठल्या तरी क्रमांकावर होता हे निश्चित असते. मडव्हिलच्या बाबतीत तेवढेही निश्चित नाही. कॅलिफोर्नियातले स्टॉकटन आणि मॅसॅच्युसेट्समधले हॉलिस्टन या दोन्ही गावांनी आपणच मूळ मडव्हिल असल्याचा दावा सांगितला आहे. कवीच्या डोळ्यांसमोर कोणते गाव होते, हा इतिहासाचा प्रश्न झाला. तो सुटला तरी त्या काल्पनिक संघाच्या विजयांत एकाचीही भर पडणार नाही.

केरुअॅकची लीग या बाबतीत कवितेहून वेगळी आहे. त्याच्या सामन्यांचे निकाल तो मनाने ठरवत नव्हता. आधी गोट्या, टूथपिक आणि खोडरबर यांच्या साहाय्याने आणि पुढे कार्डांच्या संचावर तो प्रत्येक सामना खरोखर खेळत असे. केंडल वॉल्टन याने १९९० साली ‘मिमेसिस अॅज मेक-बिलीव्ह’ या ग्रंथात अशा साधनांचे काम स्पष्ट केले. रानात खेळणारी मुले झाडाचा प्रत्येक बुंधा म्हणजे अस्वल असे ठरवतात. मग झुडपाआड दडलेला, कोणालाही न दिसलेला एखादा बुंधा असला, तर त्या खेळाच्या जगात तिथेही अस्वल आहे, जरी कोणाच्याच कल्पनेत ते आलेले नाही. नियम एकदा मान्य केला, की कल्पित जगातली सत्ये कल्पना करणाऱ्याच्या मनाबाहेर जातात. ती शोधावी लागतात आणि शोधताना चूकही होते. गुणतक्त्यातल्या बेरजेची चूक इथेच संभवते. कार्ड उलटेपर्यंत निकाल केरुअॅकलाही ठाऊक नसे. संघ त्याने निर्माण केला, पण संघाचा पराभव त्याला पाहावा लागला.

हंगाम अजून चालू असेल, तर प्रश्नाला आणखी एक अंग फुटते. अॅरिस्टॉटलने उद्याच्या आरमारी लढाईचे उदाहरण घेऊन विचारले होते, की उद्या लढाई होईल हे विधान आज खरे किंवा खोटे असते काय? तसे मानले तर जे व्हायचे ते आधीच ठरलेले आहे असे म्हणावे लागेल, ही त्यातली अडचण. मडव्हिलला असा उद्या नाही. थेयरची कविता संपते तिथे संघाचा काळही संपतो. फाशांवर किंवा कार्डांवर चालणाऱ्या लीगमधल्या संघाला मात्र खराखुरा उद्या असतो. ‘अजून आशा आहे’ हे तिथले विधान खऱ्या संघाइतकेच अर्थपूर्ण असते, कारण न टाकलेले फासे खरोखरच टाकायचे राहिलेले असतात. मॅजिक नंबरचा हिशेबही तिथे जसाच्या तसा लागू पडतो.

इथवर प्रश्न तर्काचा होता. फासे टाकणाऱ्याकडे पाहिले, की तो ईश्वरविषयक होतो. रॉबर्ट कूव्हर याच्या १९६८ सालच्या ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीत त्याची पुरी मांडणी आहे. हेन्री वॉ हा एकटा राहणारा, पन्नाशी उलटलेला हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन फासे आणि तक्ते घेऊन आठ संघांची लीग चालवतो. लीगचे ५६ वे वर्ष चालू आहे. डेमन रदरफर्ड हा नवखा पिचर एकही प्रतिस्पर्धी बेसवर न पोहोचू देता सामना जिंकतो आणि हेन्रीचा जीव त्याच्यात गुंततो. पुढे तोच डेमन बॅटिंगला आलेला असताना तिन्ही फाशांवर लागोपाठ तीन वेळा एक-एक-एक पडते. या घटनेची शक्यता १,००,७७,६९६ मध्ये एक इतकी. तक्त्यात तिचा अर्थ लिहिलेला आहे: बॅटर चेंडू लागून मरतो. चेंडू टाकणाऱ्या जॉक केसीने काही ठरवलेले नव्हते, फाशांनी तर नव्हतेच. हेन्री हवे तर ती फेक खोडून काढू शकला असता. तसे तो करत नाही. पण हे दुःख त्याला पचतही नाही. शेवटी तो फासे हाताने फिरवून तिन्हींवर सहा आणतो आणि केसीला मारतो.

निर्मात्याने असा हात घालावा काय, याचा विचार दोन वेगळ्या परंपरांनी जवळजवळ एकाच दिशेने केला आहे. फ्रेंच धर्मचिंतक निकोला मालब्रांश याने १६८० साली निसर्ग आणि कृपा यांवरच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ईश्वर सर्वसाधारण नियमांनी वागतो, प्रत्येक घटनेसाठी वेगळा संकल्प करत नाही. म्हणूनच पाऊस शेतावर पडतो तसा समुद्रावरही पडतो. समुद्रावरचा पाऊस वाया जातो, पण तो टाळण्यासाठी नियम मोडणे ईश्वराच्या शहाणपणाला शोभणारे नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो, की जगात कोणी सुखी आणि कोणी दुःखी असेल, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. त्यावर सूत्रकारांचे उत्तर असे, की सृष्टी करताना ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवतो. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचाच दृष्टान्त दिला आहे. भात आणि जव या दोन्हींना पाऊस सारखाच कारण असतो, त्यांच्यातला फरक बीजातून येतो.

तरीही दोन्ही उत्तरे सारखी नाहीत. मालब्रांशचा नियम माणसाच्या पात्रतेकडे पाहत नाही, कर्माचा नियम नेमका तिकडेच पाहतो. हेन्रीचे फासे पहिल्या जातीचे आहेत. डेमनचा मृत्यू त्याच्या कुठल्याही कृत्याचे फळ नाही. केसीला मारताना हेन्री आपल्या लीगमध्ये कर्मफळासारखे काहीतरी आणू पाहतो, आणि तेही निर्दोष माणसावर.

शिवाय नियमाच्या आधाराने निर्मात्याला निर्दोष ठरवताना सुरुवातीचा प्रश्न उरतो. पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कुठले, या शंकेला ब्रह्मसूत्रे संसार अनादी आहे असे उत्तर देतात. काल्पनिक लीगला ही सोय नाही. तिला पहिला हंगाम असतो आणि त्या हंगामात कोणता खेळाडू दमदार, कोणता सुमार, हे कोणीतरी ठरवलेले असते. १९६१ पासून चालत आलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या टेबलावरच्या खेळात ही अडचण बाहेर ढकलली आहे. त्याची कार्डे खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवरून बनतात. केरुअॅकसारख्या सर्वस्वी काल्पनिक लीगमध्ये मात्र पक्षपाताचा प्रश्न फाशांपाशी सुटला, तरी आरंभापाशी तसाच राहतो.

नियम निर्मात्यालाही बांधतो ही कल्पना मराठी मुलखात दगडात कोरलेली सापडते. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिव आणि पार्वती सारिपाट खेळत बसलेले दाखवले आहेत, आणि पुराणकथांत या खेळात शिव हरतो. सर्वसमर्थाने हरण्याची शक्यता पत्करली नाही, तर तो खेळ होणार नाही, नुसता देखावा होईल. जगाकडे लीला म्हणून पाहणाऱ्या मताला ही अट टाळता येत नाही.

खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर नियम आणि हस्तक्षेप यांतला फरक दिसतच नाही. कूव्हरच्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण लीगच्या १५७ व्या वर्षात घडते. हेन्रीचा तिथे मागमूस नाही. डेमन आणि केसी यांचे मृत्यू हा आता वार्षिक विधी झाला आहे, आणि त्यांच्या अर्थावरून खेळाडूंमध्ये पंथ पडले आहेत. डेमनला मारणारे फासे आपोआप पडले होते आणि केसीला मारणारे हाताने ठेवले होते, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. गुणतक्त्यात दोन्ही नोंदी सारख्याच आहेत. अशा जगातला रहिवासी चमत्काराचा पुरावा मागू लागला, तर आकड्यांतून तो त्याला मिळणार नाही. आणि निर्माता नाही हेही त्याच आकड्यांतून सिद्ध होणार नाही.

एवढ्यावरून काल्पनिक संघाच्या आढाव्यातली विधाने तीन प्रकारची ठरतात. जिथे फक्त संहिता आहे, तिथे सत्य संहितेपुरते आणि वाचकाने आपल्या जगातून नेलेल्या गोष्टींपुरते असते. पलीकडे कोरी जागा राहते. जिथे निर्मात्याने नियम पत्करला आहे, तिथे सत्य त्याच्याही इच्छेबाहेर जाते. तिथे चूक संभवते, अज्ञान संभवते आणि आशाही संभवते. जिथे नियम मोडला गेला, तिथे नोंद खरीच राहते, पण तिचे कारण बदलते: पहिल्या मृत्यूपुढे ‘का’ विचारले तर उत्तर नियमापाशी थांबते, दुसऱ्यापुढे ते एका व्यक्तीपाशी जाऊन पोहोचते आणि त्या व्यक्तीला जाब विचारता येतो. संघ अस्तित्वात आहे की नाही, यापेक्षा निर्मात्याने स्वतःला कशाने बांधून घेतले आहे, यावर आढाव्याचे खरेखोटेपण अवलंबून असते.