खंत आणि पश्चात्ताप



काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना एका संध्याकाळी फोन आला, ‘फादर, आई आजारी आहे, तुमची आठवण काढतेय. येऊन जाल का?’ मी दिवसभराच्या धावपळीने दमलो होतो. म्हणालो, ‘सकाळी मिस्सा झाली की येतो.’ पहाटेच त्या माऊली गेल्या. पवित्र तेलाचा संस्कार राहून गेला. मुलगा मला एका शब्दानेही बोलला नाही.

पुढे कित्येक महिने ती गोष्ट मला सलत होती. सेमिनरीत वाचलेला स्पिनोझा आठवला. 1677 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’ या ग्रंथात तो म्हणतो, पश्चात्ताप हा सद्गुण नव्हे. पश्चात्ताप करणारा माणूस दुप्पट दुःखी होतो, आधी कृत्यामुळे आणि मग हळहळीमुळे. माझ्यापुरते ते खरेच होते. नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की माझ्या खंतीत त्या माऊली नव्हत्याच, मीच होतो. ‘माझ्यासारख्या धर्मगुरूच्या हातून असे कसे झाले?’ एवढेच मी उगाळत होतो.

घडलेले पुसता येत नाही. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की झालेली गोष्ट न झालेली करणे हे परमेश्वराच्या सामर्थ्यातही बसत नाही, कारण त्यात विसंगती आहे. मग उरते काय? मॅक्स शेलर या जर्मन तत्त्वज्ञाने 1921 सालच्या आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. घटना बदलत नाही, पण माणूस जिवंत आहे तोवर तिचा अर्थ पक्का झालेला नसतो. पुढे आपण कसे जगतो, यावर तो ठरतो.

यहुदा आणि पेत्र दोघेही चुकले, दोघांनाही वाईट वाटले. यहुदाने तीस रुपये परतही केले. पण तो एकटाच निघून गेला आणि स्वतःचा निवाडा स्वतःच करून बसला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांना सोडून गेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. पहिल्या विस्तवाशी शेकत पेत्राने प्रभूला नाकारले. दुसरा प्रभूने स्वतः तिबिर्या सरोवराच्या काठी पेटवला होता. तिथे प्रभूने जुना विषय टाळला नाही. तीन नकारांसाठी प्रेमाविषयी तीनदा विचारले आणि लगेच मेंढरे राखायचे काम सोपवले.

शेवटी मी त्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘फादर, यापुढे कोणी बोलावलं तर लगेच जात जा. आईला तेवढं पुरे.’

ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. पण आता ती मला छळत नाही. रात्री फोन वाजला की तीच मला उठवते.

आपल्यापैकी कोणाचे भावाशी बोलणे तुटले असेल, कोणी आईवडिलांना शेवटच्या दिवसांत दुखावले असेल. ज्याला दुखावले तो हयात असेल, तर आधी त्याच्या दारी जावे. नसेल, तर ते ऋण दुसऱ्या कोणाच्या तरी सेवेतून फेडावे. आणि प्रायश्चित्त संस्कारात जे एकदा प्रभूच्या हाती दिले, त्याचा हिशेब पुन्हा मागू नये.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू