जात्यातले आणि सुपातले



तुरीचा हंगाम संपला की आपल्या विदर्भात घरोघरी डाळ करण्याची लगबग असे. आज डाळ दुकानात पुड्यातून मिळते, म्हणून आपल्या मुलांना ती रीत सांगितली पाहिजे. आपल्या आया-आज्या तूर आधी चाळत, निवडत, मग पाण्यात भिजवत आणि अंगणात चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवत. तुरीचे टरफल डाळीला डिंकासारखे चिकटलेले असते. भिजून दाणा फुगला आणि वाळून आकसला की ती पकड सुटते. त्यानंतर जात्यावर भरडायचे आणि बुरुडाने विणलेल्या सुपात पाखडायचे. टरफल हलके, ते पुढे उडून जाते. डाळ जड, ती सुपात राहते. चुरी गाईम्हशींना जाई. वाया काहीच जात नसे.

प्रभू येशूचे श्रोते हीच कामे रोज करीत होते. म्हणूनच बाप्तिस्ता योहानाने येणाऱ्या तारणाऱ्याची ओळख करून देताना त्याच्या हाती सूप दिले: तो आपले खळे स्वच्छ करील, गहू कोठारात साठवील आणि भूस जाळून टाकील (मत्तय ३:१२). हे ऐकताना आपण बहुधा एक गोष्ट विसरतो. सूप त्याच्या हाती आहे, आपल्या हाती नाही. शेतातील निदणाच्या दाखल्यात नोकर निदण उपटायला उतावीळ झाले, तेव्हा मालकाने त्यांना कापणीपर्यंत थांबायला सांगितले (मत्तय १३:२४-३०). आपण मात्र मिस्सा संपवून बाहेर पडलो, की चर्चच्या फाटकापाशीच माणसे पाखडायला बसतो. हा आपला, तो परका. हा कायम नोकरीचा, तो ठेकेदाराकडचा. हा नियमित येणारा, तो फक्त नाताळला दिसणारा.

आपल्या मराठीत म्हण आहे: जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. सुपातल्या दाण्यांना कळत नाही की पुढची मूठ त्यांचीच आहे. आपल्या वसाहतींतली कितीतरी घरे वीज केंद्रावर आणि आसपासच्या कोळसा खाणींवर चालतात. ठेका संपला की एखाद्याचे काम जाते, शाळेची फी थांबते, घरात भांडणे सुरू होतात. अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘त्यानेच काहीतरी केले असेल.’ हेच सुपातले हसणे. पगार चालू असणे हा आपला पुण्यसंचय नव्हे. आपण अजून सुपात आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या करारात जात्याविषयी एक नियम आहे. कर्जापोटी कोणाचे जाते गहाण घेऊ नये, जात्याची वरची तळीसुद्धा घेऊ नये. कारण ते घेणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणे (अनुवाद २४:६). वरची तळी नेली तर पीठ कुठून येणार, आणि पीठ नसेल तर भाकर कुठून? आज कुणाच्या घरी जाते नसेल, पण शिवणयंत्र आहे, सायकल आहे, पगाराचे बँक कार्ड आहे. उसने दिलेल्या पैशापोटी आपण यांतले काही अडकवून ठेवले असेल, तर वेदीपुढे येण्याआधी ते परत करू या.

राखेचेही तसेच. साबणाची वडी घरात येण्याआधी चुलीतली राख खरकटी भांडी घासायला वापरत. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा कापतो. कडधान्याला कीड लागू नये म्हणूनही राख चोळत. आपल्या गावच्या कोळशाच्या राखेत मात्र हा गुण नाही. छतावर वाळत घातलेल्या पापडांवर ती बसते तेव्हा आपण कुरकुरतो. पण जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, तेव्हा राख शेतकऱ्यांच्या शेतात शिरली. दिवे आपल्या घरी लागतात आणि राख दुसऱ्याच्या शेतात पडते. ते शेतकरी आपल्या प्रार्थनेत नसतील, तर प्याला बाहेरून चकचकीत आणि आतून तसाच राहिला, असे प्रभू आपल्यालाही म्हणेल (मत्तय २३:२५-२६).

मग जात्यातल्याला आशा कोणती? प्रभू स्वतः जात्यात उतरला, ही. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, असे त्याने स्वतःविषयी सांगितले (योहान १२:२४). वेदीवरची भाकर दळलेल्या गव्हाचीच असते. अख्खा, न भरडलेला दाणा कितीही सुंदर असला तरी त्याची भाकर होत नाही. ख्रिस्तप्रसाद घेताना आपण ‘आमेन’ म्हणतो, तेव्हा भरडल्या गेलेल्या प्रभूला हो म्हणतो. मग शेजारी भरडला जात असताना आपल्याला तोंड फिरवता येत नाही.

या आठवड्यात एवढे करू या. स्वयंपाकाला डाळ-तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकू या, आणि पुढच्या रविवारी तो डबा ज्या घरची चूल मंदावली आहे तिथे गाजावाजा न करता पोचवू या. तांदूळ निवडायला घरातल्या बाईबरोबर पुरुषांनी आणि मुलांनीही बसावे. बोलता बोलता कोणाच्या घरी काय अडले आहे, ते तिथेच कळते. आणि कुणाविषयी वाईट बोलण्याचा मोह झाला, तर सूप कोणाच्या हाती आहे ते आठवावे.

हे प्रभो, आमच्यातले टरफल तू पाखड. आम्हाला भरडशील तेव्हा तुझ्या हातून भरड, आणि आमची कुणाला तरी भाकर होऊ दे. आमेन.