रसातळ म्हणजे किती खाली?

एका गावच्या सप्ताहात कीर्तनाच्या भरात आमच्या तोंडून गेले, 'दारूपायी माणूस घराणे रसातळाला नेतो. दूर कशाला, याच गावात पाहा!' नाव घेतले नव्हते. पण गाव लहान, माना वळायच्या तिकडे वळल्या. आरती झाल्यावर एक म्हातारी पाया पडली नि म्हणाली, "महाराज, त्यो माझा ल्योक. रसातळ म्हंजी किती खाली हो? तिथनं वर येता येतं का?"

चाळीस वर्षे हा शब्द वापरला, पण असे कोणी विचारले नव्हते. 'विठ्ठल आहे, माउली,' एवढेच पुटपुटलो. रात्रभर डोळा लागला नाही.

भागवताच्या पंचम स्कंधात भूमीखालचे सात लोक सांगितले आहेत : अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताल. रसातळ सहावे. म्हणजे ज्याला आपण शेवट म्हणतो, त्याच्याही खाली एक उरतेच. पहिल्याचे नाव अतल, ज्याला तळ नाही ते; आणि त्याच्याखाली आणखी सहा! बळीला वामनाने पाताळात घातले, असे आपण म्हणतो. भागवतात त्याचे ठिकाण सुतल आहे, आणि तेथे त्याच्या दाराशी राखणीला स्वतः भगवान उभा आहे.

समुद्राला आपण अगाध म्हणतो. गाध म्हणजे पाय टेकेल असे पाणी. न टेकेल ते अगाध. हा शब्द पाण्याचे माप सांगत नाही, आमच्या पायांचे सांगतो. पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता सुमारे अकरा किलोमीटर खोल. सबंध एव्हरेस्ट तीत बुडेल. १९६० सालच्या जानेवारीत पिकार्ड आणि वॉल्श हे दोघे 'त्रिएस्ते' नावाच्या पाणबुडीत बसून तिच्या तळाला टेकले नि त्याच दिवशी वर आले. पुढे यंत्रांनी तिथून झिंग्यासारखे बारीक जीव वर आणले. सूर्याचा किरण नाही, डोईवर एवढ्या पाण्याचा भार, तरी तिथे संसार चाललेला!

मग दारूला वाईट म्हणायचे नाही काय? म्हणायचेच, आणि खड्या आवाजात म्हणायचे. बायकापोरे उपाशी निजतात ते आम्ही पाहिले आहे. पण आम्ही दारूविषयी बोललो नव्हतो, माणसाविषयी बोललो होतो. याला तळ लागला, असे सांगायला आम्ही कुठवर उतरून पाहिले होते? काठावर उभे राहून, तेही टाळांच्या गजरात, कोणाचाही ठाव घेता येतो.

पुढच्या वर्षी त्या गावी आधी म्हातारीच्या दारी गेलो. लेक ओट्यावर होता. तोंडाला वास येतच होता. आम्हांला पाहून तो धडपडत उठला, आत गेला, आणि तांब्या आणून आमच्या पायांवर पाणी घालू लागला. हात थरथरत होता, निम्मे पाणी बाहेरच सांडले. म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली, "हळू, बाळा."